तिकिटावर आश्रमाचे शेतही दिसू द्या

येत्या काही वर्षांत आपल्या भागात मोठमोठे वर्धापन एकापाठोपाठ एक येऊ घातले आहेत. श्री गजानन महाराज 23 फेब्रुवारी 1878 रोजी शेगावात प्रकटले. त्या दिवसाला 2028 साली दीडशे वर्षे पूर्ण होतील. महाराजांच्या हयातीतच, 12 सप्टेंबर 1908 रोजी स्थापन झालेल्या संस्थानला 2033 साली सव्वाशे वर्षे होतील. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला, त्याची शताब्दी 2035 साली आहे. आणि आपल्या मेहकर तालुक्यात शुकदास महाराजांनी 1965 साली सुरू केलेला विवेकानंद आश्रम, ज्याच्यामुळे गावालाच हिवरा आश्रम म्हणू लागले, तो 2040 साली पंचाहत्तर वर्षांचा होईल.

अशा मोठ्या वर्षांच्या आसपास एक मागणी ठरलेलीच असते. सरकारने टपाल तिकीट काढावे, अशी ती मागणी. मागणी योग्य आहे आणि तिला आमचा पाठिंबाच आहे. मात्र तिकीट नेमके कशाचे मागायचे, त्यावर चित्र कोणते असावे आणि मागण्याआधी आपण गावकऱ्यांनी काय तयारी करायची, याचा विचार आजच झाला पाहिजे. मृगात पेरणी साधायची तर नांगरट आणि वखरपाळी उन्हाळ्यातच उरकावी लागते. तिकिटाचेही तसेच आहे.

तिकिटाने होते काय?

गावात कोणी विचारेल, 'साहेब, आता पत्र लिहितो कोण अन् तिकीट चिकटवतो कोण?' प्रश्न रास्त आहे. मोबाइल आला तशी खुशालीची पत्रे बंद झाली. 1 सप्टेंबर 2025 पासून तर रजिस्टर टपालसुद्धा स्पीड पोस्टात विलीन झाले. गावचा डाकसेवक आता पत्रांपेक्षा अंगठा लावून पैसे काढून देण्याच्या कामालाच जास्त दिसतो. हे सारे खरे.

पण स्मारक तिकिटाचे काम पत्र पोचविण्यापुरते कधीच नव्हते. देशाच्या सरकारने अधिकृतपणे म्हटलेले असते की ही गोष्ट साऱ्या देशाने लक्षात ठेवावी अशी आहे. तिकिटाबरोबर टपाल खाते एक माहितीपत्रक काढते. त्यात त्या व्यक्तीची किंवा संस्थेची हकीकत थोडक्यात छापलेली असते. हे पत्रक आणि तिकीट संग्राहकांच्या वहीत जाते, ग्रंथालयात जाते, परदेशात जाते. पन्नास वर्षांनी कोणी शोधायला बसला तर त्याच्या हाती जे काही लागेल त्यात हे पत्रक असेल. त्या चार परिच्छेदांत जे बसले ते राहिले, जे सुटले ते सुटले. म्हणून त्यात काय लिहिले जाते याला महत्त्व आहे, आणि त्याचा कच्चा माल गावाकडूनच जायचा आहे.

बियाण्याची पाकिटे आणि बारा तिकिटे

या बाबतीत एक उदाहरण दूरचे आहे, पण शेतकऱ्याला जवळचे वाटावे असे आहे. अमेरिकेत शेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या कापड गिरणीत राबलेली अ‍ॅन ली नावाची एक बाई 1774 साली मूठभर अनुयायी घेऊन जहाजाने न्यूयॉर्कला उतरली. तिच्यामागे या लोकांनी ठिकठिकाणी आपल्या वस्त्या केल्या. लग्न करायचे नाही, जमीनजुमला सर्वांचा मिळून, बाई आणि पुरुष बरोबरीचे, अनाथ पोरांना आसरा द्यायचा आणि हाताने काम करता करता मनात देव ठेवायचा, अशी त्यांची रीत. आपल्या अरणच्या सावता महाराजांची आठवण व्हावी असाच हा विचार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यांच्या सगळ्या वस्त्या मिळून काही हजार माणसे राहत होती.

ही माणसे मुळात शेतकरी. भाजीपाल्याचे बी लहान कागदी पाकिटांत भरून, वर नाव छापून विकण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर त्यांनीच रूढ केली असे मानले जाते. हंगामाच्या तोंडावर घोडागाडीत पाकिटांच्या पेट्या घालायच्या, गावोगावच्या दुकानांत ठेवायच्या आणि हंगाम सरला की न खपलेली पाकिटे परत आणायची. बाहेरून घेतलेले बी आपल्या बियाण्यात मिसळायचे नाही, असा लेखी करारच त्यांच्या काही वस्त्यांनी आपसात केला होता. पाकिटावरचे नाव हीच शुद्धतेची हमी. आज कृषी केंद्रातून पिशवी घेताना लेबल पाहा, लॉट नंबर पाहा, पावती जपून ठेवा, असे आम्ही शेतकऱ्यांना वारंवार सांगतो. त्या लेबलामागचा विश्वास या लोकांनी दोनशे वर्षांपूर्वी कमावला होता.

त्यांचा गोठाही पाहण्यासारखा. मॅसॅच्युसेट्स राज्यात हँकॉक येथे त्यांनी 1826 साली दगडी गोल गोठा बांधला. गवताच्या गाड्या चढावरून थेट वरच्या मजल्यावर जात आणि गवत मधल्या पोकळीत टाकत. खाली गाई गोलाकार, तोंडे मध्याकडे करून बांधलेल्या. मधे उभे राहिले की एक-दोन माणसांत पन्नास गाईंना चारा टाकून व्हायचा. शेण तळघरातल्या खड्ड्यात पडे आणि तिथून ते शेतात जाई. कमी मजुरीत गोठा कसा चालवावा आणि शेणखत वाया कसे जाऊ देऊ नये, याचा धडा त्या इमारतीतच आहे.

आता तिकिटाचे. शेकर लोक अमेरिकेत आले त्याला अडीचशे वर्षे झाली म्हणून 20 जून 2024 रोजी अमेरिकेच्या टपाल खात्याने बारा तिकिटांचा एक संच काढला आणि त्याचे प्रकाशन याच हँकॉक गावी केले. या तिकिटांवर कोणा गुरूचा चेहरा नाही. त्यांनी हाताने घडविलेले लाकडी सामान, घरातल्या वस्तू आणि इमारतींचे भाग यांचे फोटो आहेत. म्हणजे तिकीट निघाले ते कामाचे.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि तीच आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. हँकॉकची वस्ती 1960 साली बंद झाली. आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे. शेकर पंथाची चालू वस्ती मेन राज्यात एकच उरली आहे आणि तिथली माणसे एका हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच आहेत. बारा सुंदर तिकिटे निघाली, पण ज्यांच्या हातांचा तो सन्मान होता ते हातच उरले नव्हते. आपल्याकडे शेगाव, हिवरा, मोझरी ही ठिकाणे आज नांदती आहेत. तिथल्या चुली पेटत्या आहेत. सन्मान करायचा तर तो असा, चुली पेटत्या असताना करावा.

नांदत्या वस्तीचे तिकीट निघत नाही असे नाही. पुदुच्चेरीजवळची ऑरोव्हिल ही वसाहत योगी अरविंदांच्या सहकारी श्रीमाताजी यांनी 28 फेब्रुवारी 1968 रोजी स्थापन केली. त्या दिवशी 124 देशांची मूठ मूठ माती एका कलशात एकत्र केली गेली. वसाहत वसली ती धूप होऊन उजाड पडलेल्या लाल मातीच्या माळावर. तिथल्या लोकांनी बांध घातले, पाणी अडविले, झाडे लावली आणि माळाचे रान केले. पन्नास वर्षे झाली तेव्हा 25 फेब्रुवारी 2018 रोजी पंतप्रधानांनी तिथे जाऊन ऑरोव्हिलचे स्मारक तिकीट प्रकाशित केले. म्हणजे व्यक्तीइतकाच वस्तीचाही सन्मान आपले टपाल खाते करते, याला दाखला आहे.

आपल्याकडची तिकिटे

महाराष्ट्रातील संत आणि सेवाव्रती यांच्या नावे तिकिटे पुष्कळ निघाली आहेत. विनोबांचे 1983 साली, पंडिता रमाबाईंचे 1989 साली, तुकडोजी महाराजांचे 1993 साली, गाडगेबाबांचे 1998 साली. ती निघाली याचा आनंदच आहे. पण यांतल्या प्रत्येकाच्या मागे एक जागा आहे, शेत आहे, स्वयंपाकघर आहे, राबणारी माणसे आहेत. व्यक्तीचे तिकीट निघाले म्हणजे त्या साऱ्यांची आठवण आपोआप राहते असे होत नाही.

रमाबाईंचे उदाहरण घ्या. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात फिरून उपासमारीने हवालदिल झालेल्या बाया आणि मुली सोबत आणल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला माळरानाची जमीन होती, तिथे त्यांची सोय केली. विहिरी खोदल्या, झाडे लावली, गाई पाळल्या, तेलाचा घाणा आणि छापखाना सुरू केला. मुक्ती सदन ते हेच. त्या मुली ज्या मध्य प्रांतातून आल्या तो मुलूख आपल्या वऱ्हाडाला लागूनच. रमाबाईंचे नाव शाळेच्या पुस्तकात आहे. त्या विहिरींवर राबलेल्या बायांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

मोझरीचेही तसेच. तुकडोजी महाराजांची खंजिरी सर्वांना माहीत आहे. पण गुरुकुंजाने गावोगाव जे रुजविले ते अधिक मोठे आहे. सायंकाळी सर्व जातीधर्मांची सामुदायिक प्रार्थना आणि सकाळी गावसफाई, हा तो कार्यक्रम. 1955 साली निघालेल्या ग्रामगीतेत शेती, गोपालन, आरोग्य, गावचा कारभार हे विषय आहेत. आज ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आपण जे रकाने भरतो, त्यांतले बरेचसे महाराजांनी त्याआधीच ओव्यांत मांडून ठेवले होते. आपल्या जिल्ह्यातही कितीतरी गावांत गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना अजून होते. 2035 चे तिकीट मागायचे तर ते या गुरुकुंजाचे मागावे. खंजिरीबरोबर त्यावर खराटाही दिसावा, प्रार्थनेला बसलेला गाव दिसावा.

शेगावची भाकर, हिवऱ्याचा ट्रॅक्टर

शेगावला जाणाऱ्याला तिथली स्वच्छता आणि शिस्त आधी दिसते. ती पगारी माणसांवरच उभी नाही. गावोगावचे सेवाधारी पाळीपाळीने येतात, पांढरा पोशाख घालतात, ताट वाढतात, चपला सांभाळतात, झाडलोट करतात आणि पाळी संपली की एक रुपया न घेता आपल्या वावरात परततात. यांत शेतकरी आणि शेतमजूर मोठ्या संख्येने आहेत. सेवेची पाळी मिळावी म्हणून लोक वाट पाहतात, अशी दुसरी संस्था दाखविणे कठीण. या व्यवस्थेची घडी ज्यांनी बसविली ते शिवशंकरभाऊ पाटील 4 ऑगस्ट 2021 रोजी गेले. त्यांनी संस्थानचा कारभार ज्या काटेकोरपणे केला त्याचा अभ्यास व्यवस्थापन शिकणाऱ्यांनी करावा. अभियांत्रिकी महाविद्यालय, फिरती आरोग्यसेवा, अन्नदान आणि पंढरीची पायी वारी हे सारे एकाच शिस्तीत चालते. आणि प्रकटदिनाचा मान कशाला? ज्वारीची भाकर, पिठले आणि अंबाडीची भाजी यांना. पंचपक्वान्नांना तो मान नाही. महाराजांना जे गोड लागले ते शेतकऱ्याच्या घरचे होते.

हिवरा आश्रमाचा रंग थोडा निराळा. शुकदास महाराजांनी स्वामी विवेकानंदांचे नाव घेतले आणि मेहकर तालुक्याच्या खेड्यात रुग्णसेवा आणि शिक्षण यांचे काम मांडले. आज तिथे शाळा आहेत, कृषी महाविद्यालय आहे आणि शिकून गेलेली पोरे जिल्ह्यात ठिकठिकाणी कामाला आहेत. पौष महिन्यात विवेकानंद जन्मोत्सव भरतो तेव्हा लाखो लोक शेतात रांगा करून बसतात आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वाढली जाते. ट्रॅक्टर कोणाचे? आसपासच्या शेतकऱ्यांचे. वाढणारे कोण? त्याच गावांतली पोरे. नांगरटीला आणि मळणीला जाणारा ट्रॅक्टर त्या दिवशी वाढपी होतो. शेतकरी आणि आश्रम यांचे नाते दाखविणारे याहून बोलके चित्र आम्हाला तरी सुचत नाही. तिकिटावर छापण्याजोगे आहे ते हेच.

म्हैंभटाची वही

आता तयारीकडे येऊ. तयारी म्हणजे कागद. आणि या बाबतीत आपला वारसा फार मोठा आहे.

महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी तेराव्या शतकात आपल्या मुलखात फिरले. लोणार आणि मेहकर या आपल्याच जिल्ह्यातल्या गावांचे उल्लेख लीळाचरित्रात येतात. स्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी विरून जाऊ नयेत म्हणून म्हैंभटाने रिद्धपूरला बसून आणि माणसांना भेटून त्या गोळा केल्या. ज्याने जे पाहिले ते त्याच्याकडूनच विचारून घेतले. त्यातून 1278 च्या सुमारास लीळाचरित्र उभे राहिले आणि मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ मानला जातो. त्या काळी लोक काय खात, काय नेसत, काय बोलत हे आज आपल्याला कळते ते म्हैंभटाने कष्ट घेतले म्हणून. ते काम पुढे ढकलले असते तर आठवणी माणसांबरोबरच गेल्या असत्या. मराठी विद्यापीठासाठी रिद्धपूरचीच निवड झाली, तिच्या मुळाशी हीच पुण्याई आहे.

आपल्या आश्रमांच्या बाबतीत आज हीच वेळ आहे. हिवऱ्याला 1965 साली जे वीस-पंचवीस वर्षांचे होते ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना विचारायचे ते आजच विचारले पाहिजे. अकोलीच्या कोरड्या विहिरीला महाराजांच्या कृपेने पाणी लागले ही कथा घराघरांत सांगितली जाते, आणि ती सांगितली जाईलच. पण आश्रमाची अमुक विहीर कोणत्या साली, कोणी आणि किती दिवसांत खोदली हे सांगणारे दर वर्षी कमी होत आहेत.

म्हणून ज्या गावांचा अशा ठिकाणांशी संबंध आहे त्यांनी पुढील नोंदी करून ठेवाव्यात, असे आमचे सुचविणे आहे.

पहिली नोंद जमिनीची. आश्रमाची जमीन कोणी दिली, केव्हा दिली, आधी ती कशी होती आणि आता कशी आहे. फेरफार आणि सातबारा तलाठी कार्यालयात, जुने कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. नक्कल काढून ठेवा.

दुसरी नोंद पाण्याची. विहिरी, तळी, बंधारे कोणत्या साली झाले आणि 1972 च्या दुष्काळात तिथे काय स्थिती होती, हे वयस्कर माणसांना विचारा.

तिसरी नोंद धान्याची. उत्सवाला कोणत्या गावातून ज्वारी जाते, कुठून तूर, कुठून वांगी, कुठून जळण. कोणत्या गावाची कोणती सेवा ठरलेली आहे. हे कोणी लिहून ठेवत नाही, कारण सगळ्यांना पाठ असते. जे सगळ्यांना पाठ असते तेच आधी विसरले जाते.

चौथी नोंद माणसांची, आणि त्यातही बायांची. हजारो भाकरी थापणाऱ्या, पहाटेपासून निवडण-टिपण करणाऱ्या आयाबहिणींचे नाव कुठल्याच पाटीवर नसते. बचत गटाच्या महिलांनी हे काम हाती घेतले तर ते नीट होईल. घरातल्या आजीशी त्या जितक्या मोकळेपणाने बोलतील तितके दुसरे कोणी बोलणार नाही.

पाचवी गोष्ट फोटोंची. जुन्या फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. शाईच्या पेनाने लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते. मोबाइलवर वयस्करांचे बोलणे टेप करून ठेवा आणि सुरुवातीलाच तारीख व नाव बोलून घ्या.

या पाच नोंदी एका वहीत आल्या की ती वही ग्रामपंचायतीत एक, शाळेत एक आणि संस्थेकडे एक अशा तीन प्रतींत ठेवावी.

टपाल खात्याची वाट

पुष्कळांना वाटते, तिकीट म्हणजे मंत्र्याच्या ओळखीचे काम. तसे नाही. प्रस्ताव कोणीही नागरिक किंवा संस्था पाठवू शकते. तो नवी दिल्लीला संसद मार्गावरील डाक भवनात, टपाल खात्याच्या तिकीट विभागाकडे जातो. त्यावर विचार करून सल्ला देणारी एक समिती आहे. तिकिटांचा कार्यक्रम आगाऊ ठरतो, त्यामुळे वर्धापनाच्या सहा महिने आधी अर्ज केला तर हाती निराशाच येते. निदान दोन वर्षे हातात असावीत. 2028 चा विचार करणाऱ्यांनी म्हणूनच हातपाय हलवायला हवेत. प्रस्तावात त्या ठिकाणाचे देशपातळीवरील महत्त्व पुराव्यासह मांडावे लागते. 'भाविकांची श्रद्धा आहे' एवढे लिहून भागत नाही. इथेच वर सांगितलेली वही कामाला येते. आणि संबंधित संस्थेच्या संमतीवाचून परस्पर प्रस्ताव कोणी पाठवू नये, ते शोभणारे नाही.

तिकिटाच्या अलीकडे दुसरा टप्पा आहे. विशेष पाकीट आणि त्यावरचा विशेष शिक्का. हे राज्याच्या टपाल परिमंडळाकडून निघते. आपला बुलढाणा टपाल विभाग नागपूर क्षेत्रात येतो, म्हणून चौकशी बुलढाण्याच्या डाक अधीक्षक कार्यालयातून सुरू करावी. लहान ठिकाणांनी, गावच्या जुन्या मठांनी, दर्ग्यांनी, आश्रमांनी आधी हा टप्पा गाठणे शहाणपणाचे.

तिसरा प्रकार 'माय स्टॅम्प'. यात ठरलेली रक्कम भरली की आपण दिलेला फोटो तिकिटाशेजारी छापून मिळतो. हौसेपोटी घ्यायला हरकत नाही. पण ते स्मारक तिकीट नव्हे, हे स्पष्ट असावे. असा कागद दाखवून 'भारत सरकारने आमचे तिकीट काढले' असे फलक कोणी लावू नयेत आणि त्यासाठी कोणी वर्गणी मागितली तर गावाने पावती व अर्जाची प्रत मागावी.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की अमक्या स्थानाला तिकीट, मग आमच्या स्थानाला का नाही? सैलानीला होळीच्या सुमारास हिंदू-मुसलमान दोघेही लोटतात, त्यांचे काय? आमचे उत्तर असे की कसोटी सगळ्यांना एकच असावी. या ठिकाणाने किती लोकांना जेवू घातले, किती रोग्यांना औषध दिले, किती पोरे शिकविली, किती जमीन सुधारली, आणि त्याचे कागद आहेत का? ज्याच्याकडे काम आणि कागद दोन्ही आहेत त्याने हक्काने मागावे. पंथ, जात, धर्म मधे आणू नये. रमाबाईंचे मुक्ती सदन आणि तुकडोजींचे गुरुकुंज या कसोटीवर सारखेच उतरतात.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. 'सोयाबीनला भाव नाही, कापसाचा खर्च निघत नाही, अन् तुम्ही तिकिटाचं घेऊन बसलात?' असे कोणी शेतकरी भाऊ म्हणाला तर त्याला गप्प बसविण्याचा अधिकार कोणालाच नाही. शेतमालाच्या भावाची लढाई आपल्या जागी आहे आणि ती चालूच राहिली पाहिजे. पण नोंदवहीला खर्च नाही, वेळ लागतो तो पावसाळ्यातल्या सुट्या दिवसांचा. आणि या वहीतून शेतीचेही काही हाती लागेल. या आश्रमांनी दुष्काळात पाणी कसे पुरविले, मोठ्या स्वयंपाकाचे खरकटे आणि शेण कुठे जिरविले, कोणते जुने वाण टिकविले, हे कळले तर ते आमच्या खात्याच्या माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगाचे ठरू शकते.

आणि एक गोष्ट परखडपणे बोललीच पाहिजे. प्रकटदिनाची भाकर ज्वारीची असते. पण सोयाबीन आल्यापासून आपल्या शिवारात ज्वारी राहिली किती? पूर्वी ज्वारी-कपाशीच्या पट्ट्यात अंबाडीच्या ओळी असायच्या. पाला भाजीला, वाख दोराला, बोंडे चटणीला. आता बाजारात अंबाडीची जुडी शोधावी लागते. कडबा कमी झाला तशी जनावरे कमी झाली, जनावरे कमी झाली तसे शेणखत कमी झाले. तिकिटावर भाकर आणि अंबाडी छापून यावी असे वाटत असेल तर ती शिवारातही असली पाहिजे. नाही तर आपलीही गत हँकॉकसारखी व्हायची. चित्र राहील, पण चित्रातले पीक दुसरीकडून विकत आणावे लागेल. ज्यांच्याकडे कोरडवाहू आहे त्यांनी निदान घरापुरती अर्धा एकर ज्वारी आणि धुऱ्याला अंबाडीच्या दोन ओळी टाकाव्यात. प्रसादाला आपल्या वावरची मूठभर ज्वारी देण्याचे समाधान वेगळेच.

ग्रामसभेपासून सुरुवात

हे काम मोठ्या लोकांनी करावे म्हणून वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या ग्रामसभेत एक साधा ठराव घ्यावा. आपल्या गावाचा ज्या आश्रमाशी, मठाशी, संस्थानाशी, दर्ग्याशी संबंध आहे त्याच्या नोंदी गोळा करण्यासाठी पाच जणांची समिती नेमावी. त्यात एक शिक्षक, एक बचत गटाची महिला, एक वयस्कर सेवाधारी, एक कॉलेजचा विद्यार्थी आणि गावचा डाकसेवक असावा. सरपंच आणि ग्रामसेवक यांनी जुनी कागदपत्रे पाहू द्यावीत. कृषी सहायकांनी जमीन, पाणी आणि पीक यांच्या नोंदी तपासून द्याव्यात, हे आमच्या खात्याकडून सहज होण्यासारखे काम आहे. तीन महिन्यांनी वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. चुकले असेल ते गावच दुरुस्त करील.

शेगावची वही 2028 च्या आधी तयार व्हावी, मोझरीशी जोडलेल्या गावांची 2035 च्या आधी, हिवऱ्याची 2040 च्या आधी. तिकीट काढायचे की नाही ते दिल्ली ठरवील. पण ज्या दिवशी दिल्लीहून विचारणा येईल की या ठिकाणाने नेमके काय केले, त्या दिवशी उत्तर आपल्या हाताशी तयार असले पाहिजे. ते उत्तर चेहऱ्याच्या फोटोबरोबर जमिनीचे, विहिरीचे, भाकरीचे आणि ती थापणाऱ्या हातांचेही असावे, एवढेच शेतकरी बंधू-भगिनींना आणि गावकारभाऱ्यांना आमचे सांगणे आहे.